टिळकांनी शाळा का सोडली? : डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील १८९० चा वाद

डिसेंबर १८९०. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीकडे एक राजीनामा आला. तो दोन ओळींचा नव्हता. संस्थेच्या जन्मापासूनची हकीकत, सहकाऱ्यांशी झालेले खटके, वेतनाचे, वेळेचे आणि बाहेरच्या मिळकतीचे प्रश्न यांचा त्यात सविस्तर ऊहापोह होता. लिहिणारे होते बाळ गंगाधर टिळक, वय वर्षे ३४. ज्या शाळेत ते पहिल्या दिवसापासून शिकवीत होते, तिचा आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा ते कायमचा निरोप घेत होते.

या घटनेचे कारण बहुतेकांना एका वाक्यात पाठ असते. आगरकरांना आधी सामाजिक सुधारणा हवी होती, टिळकांना आधी राजकीय स्वातंत्र्य. म्हणून दोघे वेगळे झाले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. राजीनाम्याच्या मुळाशी असलेला वाद शाळेतलाच होता. शिक्षकाने किती त्याग करावा? शिकवून उरलेल्या त्याच्या वेळेवर संस्थेचा हक्क किती? आणि एकाच्या त्यागाचे माप दुसऱ्याने काढावे काय?

हा वाद समजून घ्यायचा तर बारा वर्षे मागे जायला हवे.

१८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दोन तरुण रात्र रात्र बोलत बसत. दोघेही जुलै १८५६ मध्ये जन्मलेले. वयात अवघे नऊ दिवसांचे अंतर. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, कमालीच्या दारिद्र्यातून वर आलेले. शिक्षणासाठी रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांनी केली होती. टिळक रत्नागिरीचे, शिक्षण खात्यातील नोकरदाराचे पुत्र. घरी श्रीमंती नव्हती, पण वडिलोपार्जित थोडी मिळकत होती. परिस्थितीतला हा फरक त्या वयात दोघांनाही फारसा जाणवला नसावा. पुढे मात्र तो महत्त्वाचा ठरला.

दोघांचे ठरले ते असे : सरकारी नोकरी करायची नाही. त्या काळी पदवीधर तरुणापुढे मुन्सफी, मामलेदारी, सरकारी शाळेतली बढतीची नोकरी असे राजमार्ग खुले होते. ते सोडून स्वतःची शाळा काढायची आणि स्वस्तात चांगले शिक्षण द्यायचे, हा संकल्प घरच्यांना वेडेपणाच वाटला असणार. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे : मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल ही आशा सोड, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी देणार आहे, असा त्याचा आशय.

याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून पुण्यास आले. 'निबंधमाले'मुळे त्यांचे नाव गाजत होते. त्यांनाही शाळा काढायची होती. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा विष्णुशास्त्री, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी ही त्यातली प्रमुख माणसे होती. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. एम. ए. ची परीक्षा उरकून १८८१ मध्ये आगरकरही आले.

सुरुवातीच्या काळात वेतन नाममात्र होते. तरीही शाळा वाढली, आणि विलक्षण वेगाने वाढली. पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या हजारापर्यंत पोहोचली. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात आला, तेव्हा खुद्द हंटर यांनी या शाळेची तोंडभरून स्तुती केली. सरकारच्या मदतीविना, एतद्देशीय शिक्षकांनी चालविलेली अशी शाळा आपण अन्यत्र पाहिली नाही, असा त्यांचा अभिप्राय होता.

शाळेचे यश कशात होते? इमारत भाड्याची, साधने बेताची. पालकांनी मुले पाठवली ती शिक्षकांकडे पाहून. टिळक गणित शिकवीत. उदाहरण तोंडी सोडवीत, फळ्याकडे जाण्याची त्यांना फारशी गरज पडत नसे, आणि मागे पडलेल्या मुलाची त्यात बरीच फरपट होत असे. आपट्यांचे संस्कृत आणि शिस्त दोन्ही नावाजलेली. आगरकरांच्या वर्गात इतिहास आणि तर्कशास्त्र. हुशार मुलांना दिसत होते की आपले मास्तर कोठेही गेले असते तर याच्या कितीतरी पट मिळवू शकले असते, आणि तरीही ते येथे आहेत. कोणत्याही नीतिपाठापेक्षा हा धडा मोठा होता. संस्थेचे खरे भांडवल हेच होते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हा त्याग ज्यांच्यासाठी होता ते वर्तुळ लहान होते. संस्थापक सारे ब्राह्मण, विद्यार्थीही बहुतांशी त्याच समाजातले. ज्या हंटर आयोगाने या शाळेची वाखाणणी केली, त्याच आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी निवेदन दिले : सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो पैसा ज्याच्या घामातून येतो त्या शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. चिपळूणकरांनी फुल्यांची टिंगल केली होती. एखाद्या माणसाचे चारित्र्य स्वच्छ असूनही त्याची दृष्टी किती तोकडी राहू शकते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर कळते.

शाळेबरोबरच वृत्तपत्रेही निघाली. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' सुरू झाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा' टिळकांकडे. आणि पहिली नैतिक परीक्षा याच पत्रांतून आली.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असे लेख दोन्ही पत्रांत आले. आधारासाठी छापलेली पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. संपादकांनी चूक मान्य करून माफी मागितली, तरी खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले.

शिक्षक तुरुंगात गेले म्हणून शाळा बदनाम झाली नाही. उलट सुटकेनंतर दोघांचे जंगी स्वागत झाले. न तपासता छापणे ही चूक होती. ती उघड कबूल केली, शिक्षाही भोगली, यामुळे लोकांचा विश्वास वाढला. आगरकरांनी पुढे या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यात दोघांच्या कोठडीतल्या वादांचे वर्णन आहे. आवाज इतका चढे की पहारेकरी येऊन दटावीत. वाद तेव्हाही होते. पण ते एका खोलीत, एकमेकांच्या तोंडावर होत होते.

याच वर्षी मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. संस्थेतले सर्वांत वडीलधारे माणूस गेले. उरलेले सारे जवळपास एकाच वयाचे, सारखेच बुद्धिमान आणि सारखेच हट्टी. ज्याच्या शब्दापुढे बाकीच्यांनी मान तुकवावी असा कोणी राहिला नाही. पुढच्या घटनांकडे पाहताना ही पोकळी ध्यानात ठेवावी लागते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी, २ जानेवारी १८८५ रोजी, मावळते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाने महाविद्यालय सुरू झाले. आपटे त्याचे पहिले प्राचार्य. संस्था चालविण्याची पद्धत आगळी होती. मालक कोणीच नाही. जे शिकवतात तेच आजीव सदस्य आणि तेच व्यवस्थापक. सदस्याने वीस वर्षे सेवेची हमी द्यायची. वेतनाची मर्यादा पुढे दरमहा ७५ रुपये ठरली; शिवाय कुटुंबासाठी ३००० रुपयांचा आयुर्विमा संस्थेने उतरवायचा.

टिळक या व्यवस्थेला जेझुइट तत्त्व म्हणत. जेझुइट हे रोमन कॅथॉलिक पंथातील अध्यापनासाठी जगभर नावाजलेले धर्मगुरू. दारिद्र्याचे व्रत घ्यायचे आणि पंथ सांगेल ते काम करायचे, हा त्यांचा बाणा. पुण्याच्या ब्राह्मण शिक्षकाने ख्रिस्ती पंथाकडून आदर्श उचलावा, यात कोणाला विरोधाभास वाटेल. पण टिळकांना पंथाचा धर्म नको होता, त्याची शिस्त हवी होती.

येथेच एक मूलभूत अडचण होती. जेझुइट अविवाहित असतो. न्यू इंग्लिश स्कूलचा शिक्षक संसारी होता. त्याने गरिबीची प्रतिज्ञा केली की ती त्याच्या बायकोने, मुलांनी आणि म्हाताऱ्या आईने केल्यासारखीच होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. टिळकांच्या मागे थोडी मिळकत होती. आगरकरांच्या मागे काहीच नव्हते. त्यात दम्याचा विकार. नियम सर्वांना सारखा, ओझे मात्र सारखे नव्हते.

१८८७ च्या आसपास कुरबुरी सुरू झाल्या. वेतनात थोडी वाढ करावी, अशी सूचना आगरकरांकडून आली. टिळकांनी विरोध केला. संस्था अजून कर्जातून, वर्गणीतून उभी राहते आहे. अशा वेळी स्वतःसाठी जास्त मागणे म्हणजे मूळ प्रतिज्ञेला तडा देणे, ही त्यांची भूमिका. रक्कम फार मोठी नव्हतीच. पण तत्त्वाचे भांडण लहान रकमेवरूनच अधिक चिघळते, कारण तेथे दोन्ही पक्षांना वाटते की समोरच्याने एवढेसे तरी सोडायला काय हरकत होती.

मग प्रश्न आला पुस्तकांचा. संस्थेतले जवळजवळ सगळेच लिहिणारे. आपट्यांचे संस्कृत रचनेवरील पुस्तक विद्यार्थ्यांत लोकप्रिय होते आणि १८९० मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे रूपांतर 'विकारविलसित' या नावाने केले होते. 'वाक्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला होता. तरुण गोपाळ कृष्ण गोखले अंकगणिताच्या पुस्तकावर काम करीत होते. या पुस्तकांचे उत्पन्न कोणाचे? टिळकांचे उत्तर सरळ होते : ज्याने आपला सारा वेळ संस्थेला दिला आहे, त्याच्याकडे 'स्वतःचा' वेळ उरतच नाही, म्हणून त्या वेळात झालेली मिळकत संस्थेची. दुसऱ्या बाजूचे उत्तरही तितकेच सरळ होते : ठरलेले तास प्रामाणिकपणे शिकविल्यावर रात्री दिव्यापाशी बसून माणसाने काय लिहावे, हे विचारण्याचा अधिकार संस्थेला नाही. आणि चांगले पाठ्यपुस्तक हे शिक्षणाचेच काम नव्हे काय?

सहकाऱ्यांकडे आणखी एक धारदार शस्त्र होते. टिळक स्वतः वृत्तपत्र चालवीत होते. सोसायटी झाल्यावर 'केसरी' आणि 'मराठा' तिच्या बाहेरच राहिले. मग तो वेळ कोणाचा? शाळा, छापखाना आणि वृत्तपत्र ही एकाच मूळ संकल्पाची अंगे होती, असे टिळकांच्या बाजूने म्हणता येते, आणि त्यात तथ्य आहे. पण जो नियम दुसऱ्याच्या कोशाला लागू होतो तो आपल्या अग्रलेखाला का लागू होऊ नये, याचे सहकाऱ्यांना पटेल असे उत्तर त्यांना देता आले नाही.

सामाजिक सुधारणेचा वाद या सगळ्यात मिसळला तो असा. बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण यांवर आगरकरांची मते जहाल होती. 'केसरी'त ती मोकळेपणी मांडता येईनात, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले पाहत. आता एकाच संस्थेतले शिक्षक दोन पत्रांतून एकमेकांवर तुटून पडू लागले. सोमवारी 'सुधारक', मंगळवारी 'केसरी'. सभ्य युक्तिवादापासून सुरू झालेली टीका वैयक्तिक बोचऱ्या शब्दांवर उतरली. दोन्ही बाजूंनी उतरली, हे नमूद केले पाहिजे. आगरकरांची लेखणी टिळकांहून कमी कडवट नव्हती.

आता विद्यार्थ्याच्या जागी उभे राहून पाहावे. सकाळी गणिताच्या तासाला टिळक, नंतरच्या तासाला आगरकर. हातात कालचा अंक. ज्यांच्या त्यागाकडे पाहून तो या संस्थेत आला, ते दोघे एकमेकांच्या हेतूंवर शंका घेत आहेत. कोणत्याही शाळेतल्या मुलाला शिक्षकांमधील अबोला घंटेआधी कळतो. येथे तर तो छापून घरी येत होता. फर्ग्युसनच्या त्या पिढीने या काळात टोकाच्या निष्ठा शिकल्या. वाद घालण्याची कला ती शिकली, यातही संशय नाही.

शेवटची ठिणगी गोखल्यांवरून पडली. १८६६ चा त्यांचा जन्म, म्हणजे ते टिळक-आगरकरांहून दहा वर्षांनी लहान. १८८५ मध्ये शाळेत शिक्षक म्हणून आले, पुढच्या वर्षी आजीव सदस्य झाले. बर्कचे इंग्रजी ते जवळजवळ मुखोद्गत करून शिकवीत. स्वभाव मृदू, पण टीका मनाला लावून घेणारा. न्यायमूर्ती रानडे त्यांना हाताशी धरून घडवीत होते. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले.

टिळकांनी आक्षेप घेतला. सभेचे चिटणीसपद हे फावल्या वेळचे काम नाही. ज्याने आयुष्य शाळेला दिले आहे त्याने ते स्वीकारता कामा नये. आक्षेपात राजकारण होते काय? थोडे असणारच, सभा रानड्यांची आणि गोखले रानड्यांचे शिष्य. पण हाच नियम टिळक तीन वर्षे मांडीत आले होते, हेही खरे. संस्थेतील बहुमत टिळकांच्या विरुद्ध गेले. ऑक्टोबरात त्यांनी सोडण्याचा विचार कळविला आणि डिसेंबरात तो दीर्घ राजीनामा दिला.

ते पत्र वाचणाऱ्याला दोन टिळक दिसतात. एक कायदेपंडित : तारखा, ठराव, मुद्दे, कोणी केव्हा काय म्हटले याची नोंद. दुसरा शेवटी शेवटी दिसतो, आयुष्याचे ध्येय हातातून सुटते आहे हे लपवू न शकणारा. वयाच्या चोविसाव्या वर्षी ज्याने हे काम सुरू केले, त्याला ते अर्ध्यावर सोडावे लागत होते.

या प्रकरणात कोणी संस्थेचा पैसा खाल्ला नाही. कोणी नोकरीसाठी कोणाची खुशामत केली नाही. कोणी तास बुडवला नाही. आजच्या संस्थांच्या भांडणांची सवय असलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. सर्वच माणसे आपापल्या परीने सचोटीची होती, आणि तरीही ती एकत्र राहू शकली नाहीत.

निर्णय द्यायचाच तर असा देता येईल. तत्त्व म्हणून टिळकांची मागणी अवाजवी नव्हती. ज्या संस्थेचे सारे बळ सदस्यांच्या निःस्वार्थपणात आहे, तेथे प्रत्येकाने थोडी थोडी सूट घेतली तर काही वर्षांत बळ संपते, ही त्यांची भीती रास्त होती. पण नेतृत्व म्हणून त्यांची वागणूक कमी पडली. स्वतः स्वेच्छेने केलेल्या त्यागाचे त्यांनी इतरांवर देणे करून टाकले, आणि घरात आजारी माणूस असलेल्याची आणि नसलेल्याची तुलना एकाच तराजूत केली. आगरकर आणि गोखले यांच्या पक्षाला संसारी माणसाची अडचण कळत होती. मात्र मूळ प्रतिज्ञेचा अर्थ आपण सैल करतो आहोत का, या प्रश्नाला त्यांनी थेट तोंड दिले नाही. प्रत्येक वेळी सुटे प्रकरण म्हणून मत दिले. दोष व्यवस्थेचाही होता. वीस वर्षांच्या सेवेची हमी लिहिलेली होती. ती सेवा दिवसाच्या कोणत्या तासाला संपते, हे कोणीच लिहिले नव्हते.

टिळक गेल्यावर संस्था मोडेल असे अनेकांना वाटले. ती मोडली नाही. गोखले १८९१ मध्ये सोसायटीचे चिटणीस झाले आणि महाविद्यालयाच्या इमारतीसाठी दारोदार वर्गणी मागत फिरले. गणिताची जागा रिकामी होती. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या एल्फिन्स्टनमधल्या जुन्या सहाध्यायाला बोलावले. तो धोंडो केशव कर्वे. टिळकांच्या विषयाला असा उत्तराधिकारी मिळाला.

कर्वे विधुर होते. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. पुण्यात जागा मिळणे, पंगतीला पान मिळणे कठीण झाले. अशा प्राध्यापकाला ठेवल्याने सनातनी पालक मुले काढून घेतील, हा धोका संस्थेपुढे उघड होता. संस्थेने त्यांना अंतर दिले नाही. १९१४ पर्यंत कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत राहिले आणि त्याच पगारातून, त्याच फावल्या वेळात त्यांनी विधवांसाठी आश्रम उभा केला. शिक्षकाच्या उरलेल्या वेळेचा प्रश्न कर्व्यांच्या बाबतीत कोणी विचारला नाही, हे बरेच झाले.

ऑगस्ट १८९२ मध्ये प्राचार्य आपटे वारले. वय अवघे ३४. कोशासारखे एका आयुष्याला पुरेल एवढे काम, शाळा, महाविद्यालय आणि दोन तट पडलेल्या सहकाऱ्यांच्या मध्ये उभे राहण्याचा ताण हे सारे त्यांनी एकदमच उचलले होते. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. तोवर पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची हयातीतच प्रेतयात्रा काढून झाली होती. दमा वाढत होता. 'सुधारक' चालू होता. १७ जून १८९५ रोजी ते गेले, एकोणचाळीस पुरी होण्याच्या आधी. मरणोत्तर खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला बांधून ठेवले होते, असे त्यांच्याविषयी सांगतात.

'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. डोंगरीच्या कोठडीतला मित्र आणि आठ वर्षांचा प्रतिपक्षी, दोघांबद्दल एकाच लेखात लिहायचे होते. मतभेद त्यांनी लपवले नाहीत. आगरकरांच्या निर्धाराविषयी, दारिद्र्य पत्करण्याविषयी मात्र एक उणा शब्द नव्हता. ज्या माणसाच्या वेतनवाढीच्या मागणीला टिळकांनी प्रतिज्ञाभंग ठरवले होते, तो अखेरपर्यंत गरीबच राहिला होता.

त्याच वर्षी टिळकांच्या पक्षाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतली. ज्या चिटणीसपदावरून १८९० चा स्फोट झाला, ते पद गोखल्यांना सोडावे लागले. पुढे रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. शाळेतली फूट आता शहरातली फूट झाली, आणि दशकभराने काँग्रेसमधली.

फर्ग्युसनने दिलेली शिकवण मात्र वाया गेली नव्हती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे तेथलेच विद्यार्थी, कर्व्यांचे आप्त. केंब्रिजला जाताना त्यांनी परतून संस्थेची सेवा करण्याचे वचन दिले होते. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारी शिक्षण खाते त्यांना हसत घेऊन मोठा पगार देऊ शकले असते. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आजीव सदस्याच्या त्याच तुटपुंज्या वेतनावर. त्याच वर्षी गोखले संस्थेतून निवृत्त झाले.

तीन वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. येथेही आजीव सदस्य, येथेही साधे राहणीमान, येथेही आयुष्य वाहून घेणे. पण या वेळी सदस्याने घ्यायच्या सात प्रतिज्ञा आधीच लिहून काढण्यात आल्या. चौथी प्रतिज्ञा अशी : समाज जे देईल त्यात स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह करीन आणि स्वतःसाठी अधिक धन मिळविण्यात आपली शक्ती मुळीच खर्च करणार नाही. टिळकांनी पंधरा वर्षांपूर्वी मागितलेला नियम तो हाच, जवळजवळ शब्दशः; फक्त आता त्यात कुटुंबाचा उल्लेख होता. सहावी प्रतिज्ञा लहान आहे. कोणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही, एवढेच तिच्यात लिहिले आहे.